ताणावर सोडलेली बाग आणि अमेरिकेतली तीन राज्यं

मोसंबीवाल्याला वर्षातून एकदाच सुट्टी मिळते, आणि ती झाडंच देतात. आमचा मृग बहार. एप्रिलच्या शेवटी बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळायला लागेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवायचं आणि जूनच्या तोंडावर पुन्हा पाणी द्यायचं, की झाड फुलांनी भरून येतं, बाग फुटते. ह्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. तेवढा सव्वा महिना बागेत फारसं काम नसतं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्या सव्वा महिन्यात आमचे हे फार तर शिर्डीपर्यंत गेले असतील. यंदा मात्र थेट अमेरिकेला निघाले, कारण बोलावणं रेणूचं होतं.

रेणू आमची एकुलती एक. दोन वर्षांसाठी जाते म्हणून गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तिकडेच सुमितशी लग्न झालं, ओवी झाली, ओवी आता पाच वर्षांची आहे. फेब्रुवारीत रेणूचा फोन आला. "आई, ओवीची शाळा ऑगस्टला सुरू होते. त्याच्या आत न्यू जर्सी सोडून दुसऱ्या राज्यात घर घ्यायचंय. आम्हा दोघांनाही घरून काम करता येतं, त्यामुळं कुठंही राहू शकतो. तीन राज्यं काढलीत. तुम्ही या, सोबत बघू. अण्णांनी ठरवलं की ठरलं."

अण्णा म्हणजे हेच. फोन ठेवल्यावर ह्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "कुठंबी राहू शकते म्हनली ना? मंग आपलं हसनाबाद काय वाईट हाय?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आहे, उत्तर येत नसलं तर विषय कसा बदलायचा हे मला बरोबर येतं. मी पासपोर्ट शोधायला उठले. पण इथे खरं तेच लिहिते. तिकडे घर घेतलं की परत येण्याचा विषय संपला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि ते घर निवडायला आम्हालाच बोलावलं होतं.

आता कामाच्या गोष्टी, कारण माझ्यासारखे बरेच आईबाप हे वाचत असतील. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जावं लागलं, तिथल्या बाईंनी ह्यांना एकच प्रश्न विचारला, परत कधी येणार. हे म्हणाले, पाच जूनच्या आत, बाग फुटायची आहे. लगेच मिळाला. दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट दोन लाख सत्तर हजार पडलं. आरोग्य विमा इथूनच काढा. विमानतळावर चाकाची खुर्ची मागायला लाजू नका. गुडघ्यांसाठी नाही मागितली तरी रांगांसाठी मागा. बॅगेत मी ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी भरली. फळं न्यायला बंदी आहे, हे ह्यांना मी चार वेळा सांगितलं होतं. आदल्या दिवशी मस्तगडला माझ्या भावाकडे मुक्काम होता, तिथे सहज बॅग उघडली तर धोतराच्या घडीत अकरा मोसंब्या.

"वर्साला एकेक तर हाय," म्हणाले. "लेकराला चवीपुरत्या."

मोसंब्या भावाकडे राहिल्या, पण वास बॅगेतच राहिला. तिकडे उतरल्यावर विमानतळावरचं एक छोटं कुत्रं आलं, ह्यांच्या बॅगेपाशी जाऊन गपकन बसलं आणि उठेचना. पोलिसाने बॅग उघडली, पीठ पाहिलं, चटण्या हुंगल्या, काही सापडलं नाही. ह्यांना मात्र कुत्र्याचं भारी कौतुक. "मोसंबीची पारख हाय त्याला," असं येईल त्याला सांगत होते.

न्यू जर्सीत पाच दिवस काढले. तिथे आपली माणसं इतकी आहेत की किराणा दुकानात मला कोथिंबिरीचा भाव मराठीत कळला. पण रेणूचं घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, एप्रिल संपत आला तरी हात गारठत होते. घरं महाग, घरपट्टी जबर, आणि हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ उपसूनच बाहेर पडायचं. लोक इथून का निघतात ते कळलं. रेणूने लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा, टेक्सास. आणि पुढे रकाने. राज्याचा कर, घराची किंमत, शाळा, हवा, दवाखाना, वादळाचा धोका, भारतीय दुकानं. प्रत्येकाला दहापैकी गुण. मी आयुष्यभर मुलांना गुण दिले, पण गाव निवडायला कोणी गुणपत्रिका करतं हे पहिल्यांदा पाहिलं.

नॉर्थ कॅरोलायनाला गाडीने गेलो, साधारण नऊ तास. रस्ता एवढा सरळ की सुमित गाडी चालवतोय की नुसता बसलाय ते कळत नव्हतं. टोल आपोआप कापला जातो, थांबावं लागत नाही. रॉलीच्या बाहेर दोन दिवस मोटेलमध्ये राहिलो, एका खोलीचे पंच्याण्णव डॉलर, सकाळचा नाश्ता त्यातच. सगळीकडे उंचच उंच पाइनची झाडं, घरं झाडांच्या आड. मंदिराच्या हिरवळीवर एक नागपूरचे गृहस्थ भेटले, सात वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आलेले. मी विचारलं, इथंच का? ते म्हणाले, "काकू, सगळं थोडं थोडं आहे इथं. थंडी थोडी, उन्हाळा थोडा. डोंगर तीन-चार तासांवर, समुद्र दुसऱ्या बाजूला तेवढ्यावर. कंपन्या आहेत, कॉलेजं आहेत. भांडायला कारणच नाही मिळत." मला हे राज्य आवडलं. ह्यांना नाही. माती हातात घेऊन म्हणाले, लाल हाय, आपली न्हाई. तक्त्यात मातीचा रकाना नव्हता.

तिथून फ्लोरिडा, आणखी दहा तास, मध्ये एक मुक्काम. फ्लोरिडा कोणालाही आवडेल. निळं पाणी, मऊ वाळू, आणि सत्तरीतली माणसं अर्ध्या चड्ड्या घालून छोट्या गाड्या पळवत असतात. समुद्रकाठच्या बाकावर ओहायोहून आलेले एक आजोबा बसले होते. रेणूने त्यांचं म्हणणं मला सांगितलं: तीस वर्षं फावड्याने बर्फ काढला, शेवटी फावडं तिथेच ठेवलं आणि इकडे आलो. शिवाय पगारावर, पेन्शनवर राज्याचा कर नाही. वादळं येतात आणि घराचा विमा महाग होत चाललाय, हेही त्यांनीच सांगितलं, पण हसत सांगितलं.

ऑरलँडोच्या दक्षिणेला जाताना हे एकदम ओरडले, "जावईबापू, थांबा!" सुमितला वाटलं काही झालं. रस्त्याच्या कडेला संत्र्याची बाग होती. हे उतरले, कुंपणाजवळच्या झाडाचं पान उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूला पिवळं, एका बाजूला हिरवं, ठिपकेदार. फळं लहान आणि वाकडी. "ग्रीनिंग रोग हाय," म्हणाले. "आपल्याकडंबी येती. ही बाग गेली." पलीकडे फळांची टपरी होती, तिथल्या शेतकऱ्याने मान हलवली. त्याची अर्धी बाग आधीच गेली होती. तिथे फलक लागला होता, नवी वसाहत, तीन-चार खोल्यांची घरं. ह्यांनी मराठीत काहीतरी विचारलं, त्याने इंग्रजीत उत्तर दिलं, आणि दोघे बराच वेळ त्या पानाकडे बघत उभे राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "झाडं उपटून मानसं लावून राह्यलेत." त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. ह्यांच्या मनातले फ्लोरिडाचे गुण तिथेच कमी झाले.

भाड्याची गाडी ऑरलँडोत परत केली आणि टेक्सासला विमानाने गेलो. सॅन अँटोनिओच्या उत्तरेला रेणूने एक घर दोन महिन्यांसाठी भाड्याने घेतलं होतं. राहून बघा, आवडलं तर विकत घ्या, असं मालकीणबाईंचं म्हणणं. त्यांचं नाव कॅरोल, सत्तरीच्या, दोन गल्ल्या सोडून बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. टेक्सासची गंमत अशी की तिथे सगळं ऐसपैस. रस्ते, घरं, आभाळ, जेवणाच्या ताटल्या. न्यू जर्सीतल्या दोन खोल्यांच्या पैशात इथे चार खोल्या, पुढे अंगण, मागे अंगण. राज्याचा कर नाही, मात्र घरपट्टी चांगलीच घेतात. दुपारी ऊन असं की हे पहिल्यांदा खुशीत दिसले. "हे बराबर हाय," म्हणाले. "हे आपलं ऊन हाय."

आणि मागच्या अंगणात एक संत्र्याचं झाड होतं. हिरवंगार, डेरेदार, आणि एक फळ नाही.

कॅरोलबाई म्हणाल्या, झाड त्यांच्या नवऱ्याने लावलेलं. ते गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून फूलच नाही. ह्यांनी बुडाशी पाहिलं. हिरवळीतल्या फवाऱ्यांचं पाणी रोज सकाळी आपोआप सुरू व्हायचं, झाडाच्या मुळाशी सतत ओल. ह्यांचा चेहरा पोराची वही तपासणाऱ्या शिक्षकासारखा झाला. मला म्हणाले, "बाई, ह्याचे लाड करून राह्यलेत सगळे. खाऊन-पिऊन पडलंय नुसतं. ताण न्हाई तर फूल कशाला येईल?" हे मला बाईच म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरात हात घालू नका. माझं काम मी केलं.

तीन आठवडे छान गेले. सकाळी मी ज्वारीच्या भाकरी करायचे, रेणू एका खोलीत कामाला, सुमित दुसऱ्या. संध्याकाळी नदीकाठी फिरायचो, शहराच्या मधोमध पायऱ्या उतरून खाली गेलं की गार सावली आणि होड्या. रविवारी डोंगराळ भागात गेलो, तिथे घरच्या जामच्या बाटल्या आणि पीच मिळतात. दुकानात, बागेत, जिथे तिथे नवीन आलेली माणसं. कॅलिफोर्नियाहून, शिकागोहून, हैदराबादहून. सगळ्यांची कारणं तीच, कर, घर, हवा, शाळा. ऐकता ऐकता मला हसनाबाद आठवलं. आम्हीही रेणूच्या शाळेसाठी भोकरदनला खोली केली होतीच की. आठ वर्षं हे शेतावर आणि मी तिला घेऊन भोकरदनला. जायची सवय तिला आम्हीच लावली, हे त्या नदीकाठी बसून मला पहिल्यांदा वाटलं.

एका दुपारी रेणू ऑफिसच्या ऑनलाइन बैठकीत होती आणि मला चटणीची कृती टाइप करायची होती, म्हणून तिचा दुसरा लॅपटॉप उघडला. समोर तो तक्ता. मी उजवीकडे सरकवत गेले, सरकवत गेले, आणि अगदी शेवटी एक रकाना दिसला जो तिने आम्हाला दाखवला नव्हता. वर लिहिलं होतं, हसनाबाद. खाली तास. न्यू जर्सी सत्तावीस, नॉर्थ कॅरोलायना तेहेतीस, फ्लोरिडा चौतीस, टेक्सास पस्तीस. दारापासून दारापर्यंत. गुणांची जागा कोरी होती.

ती पाणी प्यायला बाहेर आली, तिने मला पाहिलं.

"ह्याला गुण का नाही दिलेस?" मी विचारलं.

"काय देऊ आई?" ती म्हणाली. "सगळेच नापास."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. मी विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते. "परत यायचं मनात आहे का तुझ्या?"

"रोज येतं," ती म्हणाली. "पण ओवीचं सगळं इथं आहे. सुमितचं पण. मी आले तर त्यांना तोडून आणावं लागेल." मग ती परत बैठकीला गेली आणि मी चटणीची कृती न लिहिताच लॅपटॉप मिटला. ह्यांना त्यातलं काही सांगितलं नाही.

दोनच दिवसांनी दारावर चिठ्ठी आली. तिकडे प्रत्येक वसाहतीची समिती असते, अंगण कसं असावं ह्याचे नियम असतात. चिठ्ठीत लिहिलं होतं की आपल्या घरापुढची हिरवळ पिवळी पडली आहे, दहा दिवसांत हिरवी करावी, नाहीतर दंड होईल. आम्ही सगळे बाहेर पळालो. खरंच, अख्ख्या गल्लीत हिरवे गालिचे आणि आमच्यापुढे मे महिन्यातलं हसनाबाद.

सुमित म्हणाला, फवारे बिघडले वाटतं. हे शांतपणे म्हणाले, "बिघडले न्हाईत. मी बंद केले. सोळा दिस झाले." फक्त झाडापुरतं पाणी तोडायचा नळ सापडला नाही म्हणून ह्यांनी मुख्य नळच पिळून टाकला होता. त्या पंधरवड्यात पाऊसही फिरकला नव्हता.

"अण्णा!" रेणूने कपाळाला हात लावला. "अहो, गवत बघा कसं झालंय!"

"गवताचं काय घिऊन बसली? तिकडं चल, पानं बघ. वळाया लागली हायेत. आपल्याकडं पिवळं पडलं म्हंजी काम बराबर चाललंय." मग जरा खाली आवाजात, "अजून आठ दिस पाह्यजे होते."

सुमित हसायला लागला, ओवीही हसायला लागली. मला मात्र कॅरोलबाईंना काय सांगायचं ह्याची लाज. रेणूने फोन करून माफी मागितली. त्या आल्या, पिवळं गवत पाहिलं, झाड पाहिलं आणि म्हणाल्या, माझा नवराही वसंतात असंच काहीतरी करायचा, मी त्याच्याशी भांडायचे.

समितीपुढे इलाज नव्हता, ताण तोडावा लागला. ह्यांनी झाडाचं आळं हाताने मोकळं केलं, शेणखताची एक पिशवी आणून पसरली, बारा डॉलर, आणि रेणूला बोलावलं. ती बैठकीतून कॅमेरा बंद करून आली आणि गुडघ्यांवर मातीत बसली. "पहिलं पानी हलकं," हे सांगत होते. "लै तहानलेल्याला एकदम पाजायचं न्हाई. चार दिसांनी दुसरं. मंग भरपूर." ती मान हलवत होती. नखांत माती गेली होती तिच्या. लहानपणी ती अशीच त्यांच्या मागे मागे फिरायची, आळ्यात पाणी वळवायला. मी खिडकीतून पाहत होते, बाहेर गेले नाही. ते दोघांचं होतं.

निघायच्या दिवशी रेणू म्हणाली, पंधरा दिवस वाढवा ना, तिकिटाचा खर्च मी करते. ओवी ह्यांच्या पायाला मिठी मारून बसली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एका शब्दाने मी राहिले असते. हे म्हणाले, "बाग फुटायची राहील, पोरी." तीनशे झाडं पाण्यावाचून उभी होती, शेजारचे शेषराव रोज व्हिडिओ पाठवत होते, पानगळ सुरू झाली होती. घर कोणतं, राज्य कोणतं, ह्यावर ह्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. विमानतळावर रेणूने विचारलंच, "अण्णा, सांगा ना, कुठलं?" तर म्हणाले, "तुला जिथं बरं वाटंल तिथं." आणि पाठ फिरवली. नंतर विमानात अंगावर पांघरूण घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पाच जूनला परत आलो. मस्तगडला भावाकडे गरम पाण्याने आंघोळ केली, हसनाबादला पोचलो आणि ह्यांनी बॅगसुद्धा आत न ठेवता ठिबकचा नळ उघडला.

तीन आठवड्यांनी, सकाळी, आम्ही बागेतच होतो. झाडं पांढरी झाली होती, वासाने डोकं जड होईल इतकी. रेणूचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन फिरवला. मागचं अंगण, ते झाड, आणि शेंड्यापासून बुडापर्यंत फुलं. पुढे हिरवळही हिरवीगार झाली होती.

"अण्णा, फुटलं," ती म्हणाली. "आणि घर ठरवलं आम्ही. हेच. तीनही राज्यांचे गुण सारखेच येत होते. मंग काल सकाळी दार उघडलं तर हा वास. मी सुमितला म्हणलं, आता मला न्हाई जायचं कुठं."

मंग, न्हाई. अकरा वर्षांनी तिच्या तोंडून आलं, तिला कळलंही नसेल.

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "जवळ घे. फूल दाव." तिने जवळ घेतलं. "बेस. आता गळ व्हईल थोडी, घाबरू नको. पानी एकसारखं ठेव." ती म्हणाली, हो अण्णा. ओवीने एक फूल नाकाला लावून दाखवलं. फोन बंद झाला.

हे आळ्याच्या कडेवर बसले. "बाई," म्हणाले, "मी पानी तोडलं नसतं तर?"

"तर गवत हिरवं राहिलं असतं," मी म्हटलं.

आता तुम्ही विचाराल, तिन्हींपैकी कोणतं राज्य चांगलं. तिन्ही चांगली आहेत. म्हातारपणी समुद्र हवा तर फ्लोरिडा, कटकट नको तर नॉर्थ कॅरोलायना, हातपाय पसरायला टेक्सास. जायचं तर एप्रिल-मे बरा. माझ्याकडे मात्र त्या प्रवासातून तो एकच रकाना राहिला आहे, पस्तीस तासांचा. भाकरी थापताना मी तो मनात उलगडत असते, आता ती उठली असेल, आता झाडाला पाणी देत असेल.

काल शेषराव बांधावर आले होते. मी घरातून चहा घेऊन निघाले तर ह्यांचा आवाज कानावर आला. सदतीस वर्षांत ज्या माणसाने बागेच्या वेळापत्रकात एक दिवस पुढे-मागे केला नाही, तो माणूस शेषरावांना हळूच विचारत होता, "काय शेषराव, पुढल्या साली दोन महिने ताण दिला, तर झाडाला सोसंल का?"